बारा ते चार : पाणी, सावली आणि पुस्तक

भीमजयंती पार पडली की जुन्नर-आंबेगावच्या आपल्या वस्त्या भरू लागतात. शाळांना सुट्टी लागते. घाटकोपर, गोवंडी, विक्रोळी, कल्याणहून लेकी, भाचरे, नातवंडे गावी येतात. लग्नांची तिथी असते, बुद्ध पौर्णिमेचा कार्यक्रम असतो. पाच माणसांच्या घरात अकरा माणसे होतात. त्याच दिवसांत शेतात कांद्याची काढणी आणि टोमॅटोची तोडणी चालू असते, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या आपल्या बायांना सुट्टी नसते. घर हसतेखेळते असते खरे, पण उन्हाचे आजारही याच दिवसांत होतात.

"भरपूर पाणी प्या, दुपारी उन्हात जाऊ नका," हा सल्ला सगळ्यांनी ऐकला आहे. पण पाणी भरते कोण? ते कोणाच्या वाट्याला किती येते? पत्र्याच्या घरात सावलीलाही भट्टी पेटलेली असते, मग दुपारी जायचे कुठे? हे प्रश्न त्या सल्ल्यात नसतात. वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. उन्हाचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. घरात पाणी, पंखा आणि विसावा ज्याला सर्वांत शेवटी मिळतो, तो सर्वांत आधी आजारी पडतो. म्हणून उन्हाळ्याचे आरोग्य हा औषधांइतकाच वाटणीचा प्रश्न आहे. या लेखात आपण प्रवास, एकत्र राहणे, रात्रीची झोप आणि दुपारचा वेळ या चार गोष्टी त्या नजरेने पाहू.

ऊन शरीरात काय करते

आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. बाहेर तापले की शरीर घाम सोडते. तो घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. घामाबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही जातात. ते भरून निघाले नाही तर आधी पायात गोळे येतात, मग डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, अंग गळून जाते. तरीही काम चालू राहिले तर एक वेळ अशी येते की शरीराला स्वतःला थंड ठेवता येत नाही. ताप ४० अंशांच्या वर जातो आणि मेंदूवर परिणाम होतो. यालाच उष्माघात म्हणतात. यात वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो.

मुंबईहून येणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. मुंबईची हवा दमट असते. तिथे घाम अंगावर राहतो, कपडे भिजतात, म्हणून घाम गेल्याचे कळते. आपल्याकडची हवा कोरडी आहे. घाम येतो तसा वाळून जातो. "इथे घाम येत नाही, बरे वाटते," असे पाहुणे म्हणतात, पण पाणी अंगातून जातच असते. तहानेची वाट न बघता पाणी प्यावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळा असेल तर शरीर पाणी मागते आहे, असे समजावे.

दुसरी गोष्ट, शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. वर्षभर कारखान्यात किंवा ऑफिसात बसून काम करणारा भाऊ गावी आल्याच्या दुसऱ्या दिवशी कांदा काढायला दिवसभर वाकला, तर त्याला धोका रोज काम करणाऱ्या बाईपेक्षा जास्त असतो. पहिले चार-पाच दिवस सकाळचे दोन-तीन तासच काम करावे आणि हळूहळू वाढवावे. उन्हात काम करणाऱ्या प्रत्येकाने दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. मुकादमाला किंवा मालकाला पहाटे लवकर काम सुरू करून अकराला थांबण्याविषयी सगळ्या बायांनी मिळून सांगावे. एकटीने सांगितले तर ती कामचुकार ठरते. दहाजणी बोलल्या तर वेळ बदलते.

प्रवासाला निघताना

आपले बहुतेक लोक दोन वाटांनी येतात. एक कल्याण-मुरबाडहून माळशेज घाट चढून ओतूर-आळेफाट्याकडे, आणि दुसरी पुण्याहून राजगुरुनगर-मंचर-नारायणगाव अशी नाशिक महामार्गाने. एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे आजी, आई, मुले असा सगळा गोतावळा एकदम निघतो. ही चांगलीच गोष्ट आहे, फक्त गाडीची वेळ विचार करून निवडावी. पहाटेची पहिली किंवा संध्याकाळची गाडी घ्यावी. भर दुपारी फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत दोन किलोमीटर सामान घेऊन चालण्यापेक्षा हे कधीही बरे.

प्रवासात पाणी कमी पिण्याची सवय बायकांमध्ये फार आहे. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या भीतीने त्या सकाळपासून घोटभरही पीत नाहीत. मग संध्याकाळी डोके दुखते, लघवीला जळजळ होते. यावर आमचा सल्ला असा : पाण्याची बाटली सोबत असू द्या, थोडे थोडे पीत राहा आणि गाडी स्थानकावर थांबली की लाज न बाळगता उतरा. चालक-वाहकांना सांगितले की ते थांबतात. रक्तदाब, मधुमेह, क्षयरोग यांची औषधे सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावीत, आणि मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीची घ्यावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात किंवा गाडीच्या टपावरच्या पिशवीत ठेवू नये. गावी फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या छोट्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून ठेवावे.

वऱ्हाडासाठी उघडा टेम्पो ठरवणे टाळावे. वरून ऊन, खाली तापलेला पत्रा आणि तासभर उभी माणसे. त्यात म्हातारी माणसे आणि गरोदर बाई असेल तर तो प्रवास त्यांना झेपत नाही. मुलांना बंद चारचाकीत "पाच मिनिटे" म्हणूनही ठेवू नये. काचा लावलेली गाडी काही मिनिटांत भट्टी होते.

जयंतीची मिरवणूक आणि मोठ्या सभांबाबतही बोलले पाहिजे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला एका मोठ्या कार्यक्रमात लोक तासन्‌तास उघड्यावर बसले आणि उष्माघाताने चौदा जणांचा जीव गेला. आपले मोठे कार्यक्रमही एप्रिल-मे मध्येच येतात. मिरवणूक संध्याकाळी काढावी. सभा दुपारची असेल तर मांडव आणि पाण्याची सोय झाल्याशिवाय भाषण सुरू करू नये.

एका घरात अकरा माणसे

पाहुणे आले की घरातल्या बाईचे काम दुप्पट होते. बाहेर ३८-४० अंश असताना ती पत्र्याखाली, चुलीसमोर किंवा गॅससमोर भाकरी थापत असते. उष्माघात फक्त शेतात होतो असे समजू नका. तो स्वयंपाकघरातही होतो. आजारी पडलेल्या बाईला "कुठे उन्हात गेली होतीस?" असे विचारले जाते. ती कुठेच गेलेली नसते.

यावर उपाय साधा आहे. दुपारचा स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकावा. भाकरी, कोरडी चटणी, कांदा, ताक किंवा ज्वारीची आंबील दुपारी चालते आणि पोटालाही हलकी असते. पातळ भाजी आणि वरण मात्र दुपारपर्यंतच ठेवावे, रात्रीसाठी ताजे करावे. अकरा माणसांचे जेवण एका बाईने करायचे हे कोणत्याही धम्मग्रंथात लिहिलेले नाही. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी पत्नीने पतीशी कसे वागावे ते सांगितले, तसेच पतीने पत्नीशी कसे वागावे तेही सांगितले. पत्नीचा मान राखणे आणि घराचा कारभार तिच्या हाती देणे त्यात येते. सुट्टीवर आलेल्या भावांनी, मेव्हण्यांनी आणि मोठ्या मुलांनी पाणी भरणे, भांडी घासणे आणि अंगण झाडणे वाटून घ्यावे. सुट्टी सगळ्यांना आहे, मग घरातल्या बाईलाही हवी.

आता नव्या सुनेबद्दल. एप्रिल-मे मध्ये लग्न होऊन कितीतरी मुली नव्या घरात येतात. घर अनोळखी, माणसे अनोळखी, त्यात पाहुण्यांनी घर भरलेले. संडास घराच्या मागे किंवा लांब, वाटेत माणसे बसलेली. ही मुलगी काय करते? पाणी पिणेच बंद करते. दिवसभर लघवी दाबून धरते. लग्नानंतर पहिल्या महिन्यात लघवीला जळजळ, पोटात खाली दुखणे, थंडी वाजून ताप अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मुली आम्ही खूप पाहिल्या आहेत. कमी पाणी, दाबून धरलेली लघवी आणि नव्याने सुरू झालेले लैंगिक संबंध या तिन्हींमुळे जंतुसंसर्ग होतो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि औषधाने तो लवकर बरा होतो. अंगावर काढला तर मात्र मूत्रपिंडापर्यंत जातो.

सासूबाईंनो, इथे तुमचा एक शब्द औषधापेक्षा मोठा आहे. पहिल्याच दिवशी सुनेला जवळ घेऊन सांगा, "संडास इकडे आहे, पाणी इथे आहे, कोणाला विचारायची गरज नाही. रात्री जायचे असेल तर मला उठव." तिच्या पाळीचे कपडे उन्हात वाळायला जागा द्या. कोंदट कोपऱ्यात वाळलेल्या कापडाने खाज आणि संसर्ग होतो. आणि नवरदेवाने शरीरसंबंधानंतर लघवीला जाण्याची सवय बायकोला सांगावी, तिला सोबत करावी. यातून बरेच आजार टळतात.

घरातल्या पंख्याचाही विचार करावा. पंखा सहसा टीव्हीसमोर बसणाऱ्यांकडे वळलेला असतो. तो लहान बाळ, आजी-आजोबा, गरोदर किंवा बाळंतीण बाई आणि आजारी माणूस यांच्याकडे वळला पाहिजे. हवा फार तापली की नुसता पंखा गरम वारा मारतो. अंगावर ओले फडके फिरवून मग पंख्यासमोर बसले तर अंग निवते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये. आईच्या दुधात त्याला लागणारे सगळे पाणी असते. पाणी बाळाला न देता आईला जास्त द्यावे.

पत्र्याचे घर थंड करायचे असेल तर छतावर चुना मारावा. पांढरा रंग ऊन परत फेकतो. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबाद शहरात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला. पुढे गरीब वस्त्यांची छते पांढरी करणे हा त्यातला एक उपाय झाला. चुन्यात थोडा डिंक मिसळला तर तो पावसापर्यंत टिकतो. काम सकाळी करावे. सिमेंटच्या पत्र्यावर मधोमध पाय देऊ नये, तो फुटतो आणि माणूस थेट खाली येतो. खाली जिथे लाकूड किंवा अँगल आहे तिथेच फळी टाकून बसावे. चुना डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा.

गर्दीच्या घरात जुलाबही लवकर पसरतात. पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळीने शुद्ध करून घ्यावे. गोळीचे प्रमाण पाकिटावर लिहिलेले असते. माठात हात न बुडवता लांब दांड्याचा ओगराळा वापरावा. जुलाब सुरू झाले की ओ.आर.एस. द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, मोठा नाही. मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो. सहा महिन्यांवरील मुलाला जुलाबात झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस द्यायची असते. आशाताईंकडे दोन्ही मिळते. मधुमेहाच्या रुग्णांनी उन्हावर उतारा म्हणून साखरपाणी आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी मीठपाणी स्वतःच्या मनाने पीत राहू नये. त्यांनी साधे पाणी आणि बिनमिठाचे ताक घ्यावे, जुलाब झाल्यास डॉक्टरांना विचारावे.

पाहुण्यांपैकी कोणी आजारी पडले की कुजबूज सुरू होते, त्याचे अंथरूण बाहेर जाते. विनयपिटकात एक प्रसंग आहे. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता, कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः अंघोळ घातली आणि आजाऱ्याची सेवा हीच आपली सेवा असे भिक्खूंना बजावले. आमच्या परिचर्येच्या शिक्षणात हा धडा नव्हता, पण तो आमच्या कामाचा पाया आहे.

रात्री झोपायचे कुठे?

हा आपल्या दोन तालुक्यांचा खास प्रश्न आहे. आत पत्रा रात्री दहापर्यंत तापलेला, बाहेर अंगणात गार वारा. सगळे बाहेर अंथरूण टाकतात. पण जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या राहतो, हे मुंबईच्या पाहुण्यांना ठाऊक नसते. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, इतका तो इथला रहिवासी आहे. अंगणात झोपलेले लहान मूल आणि पहाटे शेताच्या कडेला बसलेले माणूस त्याला लहान जनावरासारखे दिसते.

म्हणून लहान मुलांना उघड्यावर झोपवू नका. बाहेर झोपायचेच असेल तर मोठ्या माणसांनी, दिव्याच्या उजेडात, घराच्या भिंतीला लागून आणि मुले मधोमध न घेता घरात ठेवून झोपावे. शक्य असेल तर दाराला आणि खिडकीला लोखंडी जाळी बसवावी. दार उघडे ठेवून वारा येतो आणि जनावर येत नाही. शेजारी कोणाचे स्लॅबचे घर असेल तर त्याची गच्ची वस्तीने मिळून वापरावी. रात्री लघवीला एकट्या मुलाला पाठवू नये. बिबट्या दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, पाठलाग करू नये.

जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यार सापाचाही धोका आहे. हा साप रात्री फिरतो, उबेला अंथरुणात शिरतो. त्याचा चावा दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलता येत नाही. अशा वेळी "अपचन झाले" म्हणून वेळ घालवू नका. खाटेवर, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून झोपणे हा सर्वांत स्वस्त बचाव आहे. साप चावला तर दोरी बांधू नये, कापू नये, चोखू नये. चावलेला भाग हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे सापाच्या विषावरची लस मोफत मिळते.

विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली तर तो हृदयावर परिणाम होत असल्याचा इशारा आहे. पूर्वी अशी मुले फार दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाच्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि चित्र बदलले. पण ती गोळी वेळेत मिळाली तरच उपयोग. मंत्र आणि उतारे यांत तास घालवू नका.

दुपार आणि पुस्तक

आता बारा ते चार. मोठी माणसे पेंगत असतात, मुले हळूच सटकतात. कुठे जातात? विहिरीवर, कालव्यावर. उन्हाळ्यात कुकडी आणि डिंभ्याच्या कालव्यांना आवर्तन सुटते. पाणी वरून शांत दिसते, आतून ओढ असते आणि सिमेंटच्या काठाला धरायला काही नसते. शहरातून आलेल्या मुलांना पोहता येत नाही, पण भावंडांसमोर माघार घ्यायची नसते. कोणी बुडत असेल तर पोहता न येणाऱ्याने उडी मारू नये. दोर, लुगडे, लांब काठी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा. बाहेर काढलेल्याला उलटे धरून पाणी काढत बसू नये. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि १०८ ला फोन करावा.

पण मुलांना नुसते "जाऊ नका" म्हणून भागत नाही. त्यांना जायला दुसरी जागा हवी. ती आपल्याकडे आहे. प्रत्येक वस्तीत विहार किंवा समाजमंदिर आहे. बहुतेक ठिकाणी ते पक्के, स्लॅबचे, पंखा असलेले आहे. आणि बहुतेक ठिकाणी दुपारी त्याला कुलूप असते.

बाबासाहेबांचे बालपण आठवा. परळच्या चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब राहत होते. जागा नाही, शांतता नाही. रामजी सुभेदारांनी त्यावर वेळेची युक्ती काढली. भीमरावांना लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला, सगळे झोपलेले असताना, अभ्यासाला उठवायचे. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींची नजर या मुलावर पडली. त्यांनी त्याला वाचायला पुस्तके दिली, आणि पुढे स्वतः लिहिलेले बुद्धांचे चरित्र भेट दिले. बाबासाहेबांच्या हाती बुद्ध आले ते असे. घरात जागा नसलेल्या एका मुलाला बागेची सावली मिळाली आणि एका मोठ्या माणसाचे लक्ष मिळाले. पुढे त्याच मुलाने पुस्तकांसाठी राजगृह बांधले.

दुपारचे वाचन हा आरोग्याचा उपाय आहे, असे आम्ही म्हणतो ते उगाच नाही. सावलीत बसून वाचणारे मूल ऊन टाळते, कालवा टाळते, आणि मोबाईलवर डोळे लावून बसण्यापासूनही वाचते. पाठ्यपुस्तकच हवे असे नाही. गोष्टी, जातककथा, प्रवासवर्णन, चांदोबाचे जुने अंक, रद्दीतली मासिके, काहीही चालेल. मुंबईच्या मुलांनी येताना वाचून झालेली दोन-दोन पुस्तके आणावीत आणि जाताना विहारात ठेवून जावीत. अक्षरओळख नसलेल्या आजीला नातीने वाचून दाखवावे. आजी ऐकता ऐकता पाणी पिते, पाय पसरते, तासभर विसावा घेते. आणि घरातल्या बाईनेही त्या वेळात तिथे यावे. हातात निवडायचे तांदूळ न घेता यावे.

पोढी आणि मांडव

आपल्या तालुक्याला याची फार जुनी शिकवण आहे. जुन्नरभोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत. लेण्यांना सहलीला गेलात तर कातळात खोदलेल्या पोढ्या नीट बघा. तोंड अरुंद, आत प्रशस्त, पावसाचे पाणी वळवून आणायला बारीक पन्हळ. ऊन आत पोहोचत नाही, पाणी उडून जात नाही. आपला माठ जे करतो तेच इथे कातळाने केले आहे. (त्यातले पाणी आज मात्र पिऊ नका.)

या पोढ्या कोणी दिल्या ते शिलालेखांत कोरले आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दान दिल्या. मानमोडीच्या लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मांडव दिल्याची नोंद आहे. वाटसरू आणि भिक्खूंसाठी पाणी आणि सावली, हे तेव्हाचे पुण्यकर्म. पुढे आपल्याच समाजाला पाण्यापासून तोडले गेले, आणि २० मार्च १९२७ रोजी, उन्हाळ्याच्या तोंडावर, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन तो हक्क परत मिळवून दिला. तेव्हा आपल्या घरात किंवा विहारात पाण्यासाठी कोणाला लाजावे किंवा थांबावे लागणे, हे आपल्याला शोभत नाही.

एवढे लक्षात ठेवा

उष्माघाताची खूण : अंग तापलेले, बडबड किंवा गोंधळ, तोल जाणे, झटका किंवा बेशुद्धी. घाम असो किंवा नसो. अशा वेळी :

• १०८ ला फोन करा. गरोदर बाई किंवा बाळासाठी १०२ सुद्धा चालतो.
• माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. मान, काखा आणि जांघेत ओली थंड फडकी ठेवा.
• शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. कुशीवर झोपवा.
• तापाची गोळी देऊ नका. हा जंतूंचा ताप नाही, गोळीने उतरत नाही.
• गाडी येईपर्यंत थंड करणे थांबवू नका. जवळचे ग्रामीण रुग्णालय नारायणगाव, जुन्नर किंवा घोडेगाव, मोठे मंचरचे उपजिल्हा रुग्णालय.

आणि विहार समित्यांना विनंती. या महिन्याच्या बैठकीत एवढे ठरवा :

• पाऊस पडेपर्यंत विहार रोज बारा ते चार उघडा राहील. किल्ली दोन घरांत राहील, त्यातले एक घर बाईचे असेल.
• दारात झाकणाचे दोन माठ आणि ओगराळा ठेवायचा. रोज पाणी कोण भरणार त्याची पाळी लावायची, आणि त्यात पुरुषांची नावेही घालायची.
• ओ.आर.एस.ची वीस पाकिटे आशाताईंकडून घेऊन भिंतीवरच्या डब्यात ठेवायची.
• एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी करून रोज दुपारी एकाने त्यांच्याकडे डोकवायचे.
• पुस्तकांसाठी एक फळी ठोकायची.

याला निधी फारसा लागत नाही. दोन माठ, एक फळी आणि एक उघडे कुलूप. विहार सुरू केलात तर आम्हाला कळवा. पुस्तकांची पहिली पिशवी घेऊन आम्ही येऊ, आणि येताना रक्तदाब मोजायचे यंत्रही आणू.

जय भीम.